आक्कांची आठ पाकिटं : आमच्या सोसायटीच्या कमिटीला आणि आठही घरांना खुले पत्र

चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि आठही घरांतल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावलं होतं. दुपारी लावलं आणि संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले तेव्हा बोर्डावर नुसत्या चार टाचण्या उरल्या होत्या. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. इमारतीचं नाव लिहीत नाही, कुणा माणसाचंही लिहीत नाही. रंकाळ्याजवळच्या नऊ फ्लॅटच्या इमारतीत राहणाऱ्यांना हे कुणासाठी आहे ते कळेल.

माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगते. गेटवरच्या रजिस्टरमध्ये लाल पेनानं जी ओळ लिहिली आहे, आक्कांकडे काम करणाऱ्या मावशींचं नाव आणि पुढे "प्रवेश बंद, कमिटीच्या आदेशावरून", ती खोडा. येत्या रविवारच्या सभेआधी खोडा.

जे आपल्या इमारतीतले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

आक्का म्हणजे आमच्या इमारतीतल्या नवव्या फ्लॅटच्या मालकीण. त्या आषाढात गेल्या. पावसानं नुसता कहर केला होता, राजाराम बंधारा पाण्याखाली होता. पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी रचल्या तेव्हा आठही घरांतली माणसं हजर होती. रक्षाविसर्जनालाही होती. उत्तरकार्य झालं आणि दुसऱ्या दिवशी वकील आले. आक्कांच्याच खोलीत आपण सतरंजीवर बसलो होतो, भिंतीवरचं कॅलेंडर अजून जून महिन्यावर होतं. वकिलांनी मृत्युपत्र वाचलं आणि प्रत्येक घराला एकेक बंद पाकीट दिलं.

मजकूर साधा होता. प्रत्येक पाकिटात एक प्रश्न. आठही प्रश्न आक्कांबद्दलचे. "या आठही प्रश्नांची खरी उत्तरं जी व्यक्ती माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत वकिलांना देईल, तिला माझा फ्लॅट द्यावा. कुणालाच देता आली नाहीत, तर फ्लॅट विकून रक्कम मुलींच्या वसतिगृहाला द्यावी." उत्तरांचं सीलबंद पाकीट वकिलांच्या कपाटात आहे. आक्का नगरपालिकेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिक्षिका होत्या. पेपर काढायची सवय हाताला होतीच.

त्या दिवसापासून आपण एकमेकांशी बोलायचं सोडलं.

खोटं वाटत असेल तर जिन्यात उभं राहून ऐका. पूर्वी तिसऱ्या मजल्यावरून कढीपत्ता मागायला पोरगी खाली यायची, ती बंद झाली. गणपतीची वर्गणी पहिल्यांदाच वेगवेगळी गोळा झाली. एका घरानं दुसऱ्या घराच्या प्रश्नासाठी पैसे देऊ केले. आक्कांच्या माहेरचं नाव शोधायला एक जण भुदरगडातल्या त्यांच्या गावी गेला आणि शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडून द्या म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागला. एका रात्री कुणीतरी गॅलरीतून आक्कांच्या स्वयंपाकघरात उतरलं. कोण ते मला माहीत नाही, पण सकाळी कॅलेंडर भिंतीवर नव्हतं. त्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आक्का दुधाचा हिशेब लिहायच्या. पत्र्याच्या खिळ्याभोवती पांढरा चौकोन उरलाय, भिंतीचा बाकी रंग धुरानं पिवळा पडलेला. मी तो चौकोन दारातून बघितला आणि मला पहिल्यांदा लाज वाटली.

पहिल्यांदा म्हणते, कारण त्याआधी मीही यात होते.

माझ्या पाकिटातला प्रश्न मी आज सगळ्यांसमोर सांगते. "माझ्या लेकीचं नाव काय होतं?"

एकोणीस वर्षं मी आक्कांच्या समोरच्या दारात राहिले. त्यांना मूल नव्हतं असंच मी धरून चालले होते. तुम्हीही. हळदीकुंकवाला बोलावताना आपण दोनदा विचार करायचो, आधी त्या विधवा म्हणून आणि मग मूलबाळ नाही म्हणून. त्यांना एक लेक झाली होती आणि ती गेली होती, हे या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे घरमालकांपैकी कुणालाच.

मावशींना ठाऊक होतं.

मावशी आक्कांकडे अकरा वर्षं काम करत होत्या. आधी धुणंभांडी, मग स्वयंपाक, शेवटची दोन वर्षं आंघोळही. मी त्यांना जिन्यात गाठलं. हातात पाचशेची नोट ठेवली आणि नाव विचारलं. मावशींनी नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आक्का कुणाला सांगत न्हवत्या ताई. मी इचारलं, म्हणून मला सांगितलं." एवढंच बोलून पिशवी उचलून खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर दुधाच्या पिशवीखाली ती नोट होती. चार घड्या घातलेली, ओली. मी ती वाळवून पासबुकात ठेवली आहे. अजून खर्च करवत नाही.

आता इतर घरांबद्दल. मी एकटीच मावशींकडे गेले नव्हते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. कुणी साडी दिली, कुणी मुलाला नोकरी लावतो म्हणालं, कुणी चोरीचा आळ घेण्याची भाषा केली. मावशींनी कुणालाच काही सांगितलं नाही. मग त्या दुसऱ्या घराला सांगतील ही भीती बसली, आणि त्या भीतीतून गेटवरची ती ओळ आली. आपल्या इमारतीतली चार घरची कामं एका दिवसात गेली. सहा महिने होऊन जातील, आपला खेळ संपेल, पण सुटलेली चार कामं परत मिळत नाहीत. फुलेवाडीपासून चालत येणाऱ्या बाईला नवीन घरं धरायला किती दारं वाजवावी लागतात, हे आपल्यापैकी कुणालाही करून बघावं लागलेलं नाही.

मी सहकारी बँकेत नोकरी केली. शेवटची बारा वर्षं मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर होते. वारस दाखला, इंडेम्निटी म्हणजे भरपाईची लेखी हमी, जामीनदार, नॉमिनी यांतच दिवस जायचा. बाप जाऊन पंधरा दिवस झालेले नसायचे आणि दोन भाऊ काउंटरच्या दोन टोकांना उभे असायचे. मावशींनी उत्तरं देऊन फ्लॅट घ्यायला कमिटीच्या तीन हरकती आहेत. त्या अनुभवावरून त्यांना उत्तर देते.

पहिली हरकत चेअरमनसाहेबांची. आक्कांच्या नॉमिनेशन फॉर्मवर त्यांचं नाव आहे. असेल. आक्कांनी शेजारधर्म म्हणून, अडीअडचणीला कुणाचं तरी नाव हवं म्हणून ते घातलं असेल. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यात स्पष्ट आहे की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, तेही मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ज्याचा खरा हक्क आहे तो सभासद होईपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं : नॉमिनेशननं वारसा ठरत नाही. बँकेत मी हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलायची. समोरचा माणूस दहाही वेळा चिडायचा.

दुसरी हरकत, मावशी सभासद नाहीत आणि पाकीट त्यांना दिलेलं नाही. मृत्युपत्रात "पाकीटधारक" असा शब्द नाही. "सभासद" नाही, "रहिवासी" नाही. "जी व्यक्ती" असं आहे. मी वकिलांकडे जाऊन ती ओळ परत वाचून घेतली. तेहेतीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईनं तो शब्द चुकून लिहिला असेल असं मला वाटत नाही. फ्लॅट वारशानं मिळायला आधी सभासद असावं लागतं, असाही कुठला नियम नाही. हक्क मृत्युपत्रानं येतो आणि सभासदत्व त्याच्या मागून.

तिसरी हरकत मला सगळ्यात जास्त लागली. "म्हातारीला कामवालीनं भुलवलं असेल." मृत्युपत्र दोन वर्षांपूर्वीचं, आक्कांच्या स्वतःच्या अक्षरात. भारतीय वारसा अधिनियम १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या आहेत, एक त्यांच्या डॉक्टरांची आणि एक जुन्या सहशिक्षिकेची. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरीही आक्का रिक्षा करून दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्या आणि नोंदणी करून आल्या. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मावशी नव्हत्या. मी गेले होते. बँकेतल्या बाई म्हणून मला नेलं, बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि येताना उसाचा रस पाजला. आत काय चाललंय ते मी विचारलंसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट, जिचा आपल्यापैकी कुणी विचार केलेला दिसत नाही. ही भांडणं अशीच चालली, कुणी खोटी उत्तरं दिली, विकत घेतलेली दिली, एकमेकांवर दावे टाकले, आणि शेवटी कोर्टानं मृत्युपत्रच बाजूला ठेवलं, तर काय होईल? हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ चं कलम १५ लागू होईल. विधवा, निपुत्रिक बाई मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिनं स्वतः मिळवलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापांचा नंबर त्यांच्या मागून लागतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा खटला होता. त्यातल्या बाईचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत साप चावून गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली, आयुष्यभर कमावलं. मृत्युपत्र न करता गेली. आणि तिचे सगळे पैसे तिला हाकलून देणाऱ्या सासरच्या वारसांना मिळाले, कारण कायद्याची अक्षरं तशी होती. आक्कांना हे माहीत असणार. सासरशी त्यांचा चाळीस वर्षं संबंध नव्हता. मृत्युपत्र त्यांनी एवढं जपून केलं ते उगीच नाही.

आक्कांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. हे मला बोललंच पाहिजे. वारशाचा खेळ करू नये. कॅनडात टोरोंटोमध्ये चार्ल्स व्हान्स मिलर नावाचा वकील होता, १९२६ साली वारला. एकमेकांशी न पटणाऱ्या तीन माणसांना मिळून त्यानं एकच घर दिलं, आणि उरलेली सगळी संपत्ती कुणाला, तर पुढच्या दहा वर्षांत शहरात ज्या बाईला सर्वांत जास्त मुलं होतील तिला. मधेच मंदी आली. लोकांच्या घरात खायला नव्हतं आणि बायका बाळंतपणांची शर्यत लावत होत्या. कुणाचं कुठलं मूल धरायचं यावर कोर्टात कीस पाडला गेला, प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी नऊ-नऊ मुलांच्या चार आयांमध्ये रक्कम वाटली. मिलर वर गेला होता, त्याला काही बघावं लागलं नाही. ते वाचताना मला आपला जिना दिसत होता.

आक्कांना आपण फार ओळखत नव्हतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं का? की कुणीतरी एकदा तरी आपल्याबद्दल विचारावं, एवढंच होतं? मला कळत नाही. मी त्यांना समोर बसून विचारू शकले असते. संध्याकाळी त्या रंकाळ्यावर जायच्या, संध्यामठाच्या बाजूला बसायच्या. कितीदा म्हणाल्या, "चल गं, नुसती बसायला." मला नेहमी कुकर लावायचा असायचा.

आणि आपण कोल्हापूरचे. वारसाहक्कावरून भांडण म्हणजे काय, हे या गावाला कुणी शिकवायला नको. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, ताराराणींनी मुलाच्या हक्कासाठी तलवार उपसली, साताऱ्याची गादी वेगळी आणि आपली वेगळी झाली. १७३१ मध्ये वारणेचा तह होईपर्यंत एकाच घराण्याची माणसं चोवीस वर्षं एकमेकांसमोर उभी होती. तिथं राज्य पणाला होतं. आपल्याकडे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पश्चिमेची एक गॅलरी आहे.

याच गावात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहं काढली. दुसऱ्याच्या पोरांसाठी जागा कशी करायची, हे त्यांनी करून दाखवलं. आक्कांनी शेवटच्या ओळीत वसतिगृह लिहिलं, ते त्या मातीतूनच आलं. काही जण म्हणतात, मग जाऊ दे, कुणीच उत्तरं देऊ नका, वसतिगृहालाच मिळू दे. यात चांगुलपणा आहे, मी नाकारत नाही. पण ती आक्कांची दुसरी इच्छा होती. पहिली इच्छा "जी व्यक्ती" ही होती, आणि ती व्यक्ती आपल्या गेटबाहेर उभी आहे.

अडचण कुठे आहे ते लक्षात घ्या. उत्तरं मावशींकडे आहेत आणि प्रश्न आपल्या आठ कपाटांत कुलूपबंद आहेत. मावशी वकिलांकडे गेल्या तरी कशाचं उत्तर देणार? आपण ते प्रश्न बाहेर काढले नाहीत तर मुदत पौषात संपेल.

मी गेल्या आठवड्यात फुलेवाडीला त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. त्यांनी चहा केला. मी विचारलं, "मावशी, घर मिळालं तर घ्याल ना?" त्या बराच वेळ चूल सारखी करत बसल्या. मग म्हणाल्या, "घर नको म्हनायला मी कोन लागून गेले. पर आक्कानं मला इश्वासानं सांगितलंय. ते इकून घर नको. वकीलसायबांनी इचारलं, तर त्यांना सांगीन. तुमाला न्हाई सांगनार." मी मान हलवली. माझ्या पाकिटातल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून माहीत नाही आणि आता मला ते कळायला नको आहे.

म्हणून रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर सर्वसाधारण सभा आहे, तिच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या अशी लेखी विनंती मी सेक्रेटरींकडे दिली आहे, पोहोचही घेतली आहे. वकील येतो म्हणाले आहेत. आठही घरांनी आपापला प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडे द्यावा. एकमेकांना दाखवायची गरज नाही. मग वकील आणि मावशी खाली आक्कांच्या खोलीत बसतील, दार लावून. बरोबर आली तर आली, चुकली तर वसतिगृह आहेच. आपल्यापैकी ज्याला स्वतःला आठही उत्तरं येतात असं वाटतं, त्यानंही त्याच दिवशी आत जाऊन द्यावीत. मावशींच्या आधी जा, माझी हरकत नाही.

आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला आज काय पडतात ते मला माहीत आहे. पहिल्या मजल्यावरच्या सरांच्या मुलीचं लग्न आहे, तिसऱ्या मजल्यावर कर्जाचे हप्ते थकले आहेत, माझ्या मुलाला पुण्यात घर घ्यायचं आहे. गरज खोटी नाही कुणाची. तरीही मी माझी चिठ्ठी देणार आहे.

कॅलेंडर ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते रात्री कधीही आक्कांच्या दाराच्या कडीला अडकवून जावं. मी दार उघडून बघणार नाही.

आणि वॉचमनमामांना मी सांगून ठेवलं आहे. रविवारी पावणेदहाला मावशी येतील. कमिटीनं तोपर्यंत ती ओळ खोडलेली असावी. नसेल, तर मी गेटवर त्यांच्याबरोबर उभी राहीन, आणि सभेला आम्ही दोघी नसू.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची, आक्कांच्या समोरची शेजारीण